बाराच्या अलीकडं

"कोण हाय का आत?"

रुद्रम्मानं विहिरीच्या काठावर दोन्ही तळवे टेकले, मान खाली घातली आणि रोजच्यासारखी हाक टाकली. भर दुपार. दगड असा तापलेला की हात टेकवायचा तर आधी पदर टाकावा लागायचा. विहीर तळापर्यंत कोरडी, खाली चिखलाच्या वाळून कडक झालेल्या खापऱ्या. हाक खाली जायची, तळाला टेकायची आणि जरा घोगरी होऊन परत वर यायची. रोज एवढंच व्हायचं. त्या मंगळवारी मात्र विहीर म्हणाली,

"हाय की."

आता सांगा, कुणाचे पाय जागेवर राहतील? पण रुद्रम्माचे राहिले. म्हणजे ती पळणारच होती, पण पायांना ते कळलंच नाही. कपारीतले पारवे फडफडत उठले, आणि विहिरीच्या आतल्या पायऱ्यांवरून एक पोरगा वर आला. हातात जेवणाचा डबा, खांद्याला कातडी पिशवी, कपाळावर भस्माच्या तीन बोटांच्या रेघा घामानं अर्ध्या पुसलेल्या.

"सावली दिसली म्हणून बसलो होतो," तो म्हणाला. "ऑफिसला कुलूप, झाडाला पान न्हाय... तुम्ही घाबरलात का?"

"मी? मी कशाला घाबरू?" रुद्रम्मा म्हणाली. आवाज तिचाच होता, पण बराच लांबून आल्यासारखा.

"मग हाक कुणाला मारली?"

याचं उत्तर तिच्याकडं होतं. पण पहिल्याच भेटीत, डबा हातात धरून उभ्या असलेल्या परक्या माणसाला ते कसं सांगायचं? ती म्हणाली, या विहिरीत कुणी उतरत नाही, गेली नऊ वर्षं कुणी उतरलेलं नाही. त्यानं आपल्या पायांकडं बघितलं. मग म्हणाला, "तरीच आत एवढं गार होतं..."

पोराचं नाव भीमाशंकर. सोलापूरच्या एका छोट्या दुरुस्तीच्या दुकानातून तो आला होता, गुंडरगीच्या दूध संघाचा कॉम्प्युटर बघायला. आणि तो कॉम्प्युटर चालवणारी, अख्ख्या गुंडरगीत त्याला हात लावणारी एकटीच, ती म्हणजे आपली रुद्रम्मा. वय वर्षं वीस. नाव आजीचं, बारावी पास, सोलापुरात मावशीकडं राहून सहा महिन्यांचा कोर्स केलेली. गेल्या दिवाळीपर्यंत चार माणसांत बोलताना ती पदराचं टोक चावायची. पण संघाच्या खुर्चीत बसल्यापासून तिची मान अशी ताठ झाली होती की आई, मल्लम्मा, म्हणायची, पोरीच्या गळ्यात कुणी काठी घातली की काय.

संघानं मशीन जुनंच घेतलं होतं, सोलापूरच्या कुठल्याशा मिलमधून निघालेलं, मळकट पांढरं. फ्लॉपी घातली की चालायचं. बावीस गावांचं दूध यायचं, दुष्काळानं निम्म्यावर आलं होतं तरी यायचं, आणि दूध घालणाऱ्या प्रत्येकाला लिटर आणि फॅटची छापील चिठ्ठी मिळायची. वर तारीख. सगळा घोटाळा त्या तारखेनं केला.

पंधरा दिवसांमागं एका सकाळी मशीन सुरू झालं, स्क्रीनवर इंग्रजीत कसलीशी तक्रार आली, एक बटण दाबल्यावर पुढं गेलं आणि चिठ्ठ्या छापू लागलं. पहिली चिठ्ठी जुने कारकून रेवणप्पाकाकांनी हातात घेतली, चष्म्याखाली धरली आणि तिथंच फरशीवर बसले. चिठ्ठीवर तारीख होती एक जानेवारी ऐंशी.

दुसरी कुठलीही असती तर लोक हसले असते. पण गुंडरगीत ती तारीख कुणी तोंडावर आणत नव्हतं. त्या दिवशी मोटारीच्या पाइपाच्या तळाचा फूटव्हॉल्व्ह गाळानं तुंबला, थंड करायच्या यंत्राचं पाणी बंद पडलं, आणि बावीस गावांचं दूध नासणार म्हणून संघाचा यंत्रवाला महालिंगप्पा कमरेला दोर बांधून विहिरीत उतरला. जाताना म्हणाला, बारापर्यंत वर येतो, चहा ठेवा. बाराला दोर ओढला... तर दोर जड लागला, आणि वर आला तो महालिंगप्पाचा देह.

महालिंगप्पा म्हणजे रुद्रम्माचे अप्पा. तेव्हा ती अकरा वर्षांची होती.

तर असा तो दिवस, आणि मशीन रोज सकाळी तोच दिवस सांगायचं. तारीख बदलून द्यावी, चिठ्ठ्या छापाव्यात, मशीन बंद करावं, तर दुसऱ्या सकाळी परत तेच. दूधवाल्या बायका चिठ्ठी पदराच्या टोकानं धरू लागल्या. कडूबाईनं तर साफ सांगितलं, महालिंगप्पा मोजायला बसला असंल तर माझ्या म्हशीचं दूध मी पाण्याबिगर घालते, पण त्याची चिठ्ठी मी घ्यायची न्हाय. मग रेवणप्पाकाका हातानं चिठ्ठ्या लिहू लागले, आणि सोलापूरला निरोप गेला.

सकाळी लाइट नव्हती म्हणून रुद्रम्मा ऑफिसला कुलूप लावून घरी गेली होती. आता लाइट आली होती, तिनं कुलूप उघडलं. मशीनच्या डोक्यावर लिंबू-मिरची, कडेला वाळलेली बेलाची पानं. भीमाशंकरनं ते सगळं नमस्कार करून बाजूला ठेवलं. खुर्ची ओढताना त्यानं खिडकी बघितली आणि खिडकीतून ती विहीर. मग रुद्रम्माकडं बघितलं.

मशीन चालू करतानाच डिलीटचं बटण दाबलं की ते आपल्या पोटातलं कपाट उघडून दाखवतं, बायोसचं सेटअप म्हणतात त्याला, असं त्यानं तिला समजावलं. आणि बटण दाबलं. काही नाही. परत बंद, परत चालू, परत दाबलं. मशीन ढिम्म. तिसऱ्यांदा त्यानं कीबोर्ड उचलला आणि उलटा करून टेबलावर आपटला. आतून राखेचा एवढासा ढीग पडला.

दारात उभ्या रेवणप्पाकाकांनी नजर दुसरीकडं नेली. बाधा जावी म्हणून रोज सकाळी चिमूटभर भस्म तेच टाकत होते, मशीनच्या अंगावर, जिथं पडेल तिथं.

"काका, भस्म लावलं ते बरंच केलं," भीमाशंकर फार अदबीनं म्हणाला. "पण कपाळ वर हाय तिचं. हितं टाकलं की घशात जातंय."

रुद्रम्माला एवढं हसू आलं की तिला खिडकीकडं तोंड करावं लागलं. पंधरा दिवसांत त्या खोलीत कुणी हसलं नव्हतं. त्यानं विचारलं, मॅडम, केसांतली पिन मिळंल का? तिनं काढून दिली. एक बट सुटून गालावर आली आणि ती सारखी करायला तिचा हातच वर जाईना, कारण तो बघत होता – आणि आपण बघतोय हे त्यालाही त्याच वेळी कळलं. तो एकदम कीबोर्डात शिरला. पिनेनं बटण उपटलं, फुंकर मारली, बटण बसवलं आणि पिन तिला परत दिली... दोन्ही हातांनी, देवळातला प्रसाद द्यावा तशी.

या वेळी डिलीट दाबल्यावर निळा पडदा उघडला. त्यावर ओळीत मांडलेलं सगळं. तारीख, वेळ, फ्लॉपी कसली, मेमरी किती.

"ही तिची आठवण," तो म्हणाला. "बाकी सगळं तिला आपण शिकवतो, पण एवढं ती स्वतः ध्यानात ठेवते. लाइट गेली तरी. आतल्या चार पेन्सिल सेलवर."

"आणि सेल संपले की?"

"सगळं विसरते. मग जाते आपल्या पहिल्या दिवसावर. एक जानेवारी ऐंशी. त्याच्या मागं जग होतं, हे तिला ठाऊकच न्हाय."

रुद्रम्मा पडद्याकडं बघत राहिली. जगाचा शेवट झाला तो दिवस या मशीनला जगाचा पहिला दिवस वाटत होता.

"आणि पुढचं?" तिनं हळूच विचारलं.

"पुढचं आपण सांगायचं असतं."

त्यानं नवे सेल घातले, पेटी बंद केली, आणि तिच्याकडून तारीख टाकून घेतली. दोन मे एकोणनव्वद. चिठ्ठी खरी निघाली. रेवणप्पाकाकांनी ती डोळ्यांना लावली. चारच्या एसटीनं भीमाशंकर गेला. जाताना म्हणाला, विहिरीत कुणी ओ दिली तर दर वेळी मीच असंन असं न्हाय, जरा जपून.

आता रुद्रम्माला आनंद व्हायला हवा होता. झाला पण, रस्त्यावर एसटीची धूळ दिसत होती तोवर. मग ती खोलीत परत आली, स्क्रीनवरची खरी तारीख बघितली आणि तो आनंद तिथंच संपला.

कारण गेले पंधरा दिवस ती काय करत होती, हे कुणालाच माहीत नव्हतं. ती आठाला यायची, कुणी यायच्या आत. मशीन लावायची. ते तारीख विचारायचं – एक जानेवारी ऐंशी, बरोबर आहे का? ती नुसतं 'हो'चं बटण दाबायची. मग ते वेळ विचारायचं, तेव्हा ती भिंतीवरचं घड्याळ बघून वेळ टाकायची. आणि हात मांडीवर घेऊन बसायची. पांढऱ्या अक्षरांतली ती सकाळ चालू व्हायची. त्या सकाळी अप्पा नुकतेच घरून निघालेले असायचे. भाकरी बांधून घेतलेली असायची. बारापर्यंत वर येतो म्हणाले होते, आणि अजून बारा कुठं वाजलेत?

रोज अकरा पन्नासला ती मशीन बंद करायची. काकांनी विचारलं तर म्हणायची, तापतंय. आणि पळत विहिरीवर जायची, बाराच्या आत हाक मारायला. लोकांना वाटायचं, पोरगी धीट आहे.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, काका सायकल काढायला गेले तेवढ्यात, तिनं पेटीचे स्क्रू काढले आणि चारही सेल बाहेर काढले. काही वेळानं परत घातले. सकाळी मशीननं तिला पुन्हा तोच दिवस दिला.

सोलापूरला ट्रंक कॉल गेला. शुक्रवारी भीमाशंकर आला.

"बरं झालं बिघडलं," तो बॅग ठेवता ठेवता म्हणाला, आणि मग स्वतःच लाल झाला. "म्हणजे... दुकानात लई उकाडा असतोय."

"आणि हितं काय, बर्फ पडतोय?"

"हितं विहीर हाय की."

पेटी उघडून तो बराच वेळ आत बघत राहिला. तिला वाटलं, आता विचारणार. पण त्यानं सेल काढले, पुसले, परत बसवले आणि नुसतं म्हणाला, कधीकधी होतं असं. मग दुधाचा टॅंकर येईपर्यंत ते दोघं ऑफिसच्या पायरीवर बसले आणि त्यानं तिला शिकवलं – मशीन रुसलं तर आतली जंपर नावाची बारकी टाचणी कशी हलवायची, पडद्यावरची कुठली ओळ कशाची, काय बदललं तर चालतं आणि कशाला हात लावायचा नाही. तिला सगळं एकदा सांगितलं की कळायचं. तरी ती दोनदा विचारायची. त्याला ती दोनदा का विचारते हे कळायचं, तरी तो दोनदा सांगायचा. त्यानं सांगितलं, घरी आई नि तो असे दोघंच, आई प्रेमाबाई विडी वळते आणि कानडीतून भांडते. रुद्रम्मा म्हणाली, माझी आई दोन्ही भाषांत भांडते. हे असं सगळं चाललं होतं, आणि समोर उन्हात विहीर तोंड उघडून पडली होती. मध्येच तिच्यातून वारा वर यायचा, कुणी दमून श्वास सोडावा तसा.

आठवडाभर तिनं कळ काढली. मग शुक्रवारी सेल पुन्हा काढले. खरं सांगायचं तर आता ती कुणासाठी काढत होती, तिचं तिलाच धड समजत नव्हतं. सकाळच्या त्या अप्पांसाठी, की चारच्या एसटीनं परत जाणाऱ्या त्या माणसासाठी?

शनिवारी तो येऊन दुरुस्त करून गेला. या वेळी फारसं बोललाच नाही. पेटीही त्यानं स्वतःच बंद केली, तिला स्क्रू धरू दिले नाहीत. तो गेला आणि संघाचे चेअरमन माणिकप्पाअण्णा आले.

अण्णा ओरडले नाहीत. खुर्चीतही बसले नाहीत. दारातूनच म्हणाले, "रुद्री, सोमवारी बारा वाजता मी येणार. चिठ्ठीवर तारीख खरी निघाली तर मशीन राहील, तू पण राहशील. न्हाय तर मशीन परत जाईल आणि तू घरी बस."

ती म्हणाली, अण्णा, मशीनला काय कळतं?

"मशीनला कळत नसंल. त्या दिवशी दोर ओढणाऱ्यांत मी होतो, पोरी. माझ्यानं ती तारीख बघवत न्हाय."

रविवार रुद्रम्मानं कसा काढला ते तिलाच ठाऊक. पहाटे पहाटे तिचं ठरलं. आता सेलला हात लावायचा नाही. नोकरी गेली असती तर ती परत पदराचं टोक चावणारी पोरगी झाली असती, आणि अप्पांना ते आवडलं नसतं. संपला तो दिवस. संपवायचा.

सोमवारी ती आठाला आली तर लाइट नव्हती. नऊ वाजले, दहा वाजले. वारा पडला होता. पारवे सुद्धा गप्प. रेवणप्पाकाकांना अण्णांनी उमरग्याला पाठवलं होतं. सगळ्या आवारात ती एकटी, आणि भिंतीवरच्या घड्याळाची टकटक. अकरा चाळीसला पंखा करकरला आणि लाइट आली.

तिनं मशीन लावलं. तक्रारीची ओळ आली. सवयीनं बटण दाबलं गेलं. तारीख – एक जानेवारी ऐंशी.

तिनं तर सेलला हात लावला नव्हता.

पुढं मशीननं वेळ दाखवली. रोज शून्य-शून्य असायची, ती रोज आपल्या हातानं टाकायची. आज तिनं काहीच टाकलं नव्हतं आणि स्क्रीनवर होतं, अकरा एक्केचाळीस. तिनं मान वळवून भिंतीकडं बघितलं. अकरा एक्केचाळीस.

खिडकीबाहेर विहीर होती. विहिरीतून श्वास वर आला.

रुद्रम्मा उठली नाही. स्क्रू काढून बघावं तर पाठ विहिरीकडं करावी लागणार होती. बेचाळीस झाले. त्रेचाळीस. तिला स्वच्छ वाटलं की आत्ता, या क्षणी, कुणीतरी कमरेला दोर बांधतंय, आणि आपण खिडकीतून ओरडलो तर ऐकू जाईल. तिनं तोंड उघडलंही. आवाज आला नाही.

अठ्ठेचाळीस झाले तेव्हा आवारात पावलं वाजली. पळत येणारी. तिनं डोळे मिटले.

"रुद्रम्मा..."

त्यानं पहिल्यांदाच तिला मॅडम म्हटलं नव्हतं. भीमाशंकर दारात उभा होता, धुळीनं पांढरा, पिशवी नाही, डबा नाही. त्याला कुणी बोलावलं नव्हतं. तो पहिल्या एसटीनं निघाला होता आणि एसटी नळदुर्गाला बंद पडल्यावर ट्रकनं आला होता. धापा टाकत त्यानं सगळं एका दमात सांगितलं. शनिवारी पेटी बंद करताना चारातला एक सेल त्यानं मुद्दाम काढून घेतला होता. परत बोलावणं यावं म्हणून. घरी गेल्यावर आईला सांगितलं तर आई म्हणाली, त्या पोरीची नोकरी गेली म्हणजे मग?

त्यानं खिशातून सेल काढून टेबलावर ठेवला. रुद्रम्मानं सेलकडं बघितलं, त्याच्याकडं बघितलं. तिला रडू यावं की हसू, दोन्ही दारातच अडकलं.

"आधी दोन वेळा मी काढले होते," ती म्हणाली.

"ठाऊक हाय. तुम्ही परत घालताना उलटे घातले होते. सेल खराब होतो, पण आपण होऊन कूस बदलत न्हाय."

"मग बोलला का न्हाय?"

"बोललो असतो तर तुम्ही परत काढले असते का?"

एवढ्या भीतीतही तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या. मग त्यानं पडद्याकडं बघितलं आणि त्याचा चेहरा बदलला. त्यानं घड्याळ बघितलं, परत पडदा बघितला. अकरा बावन्न, इकडं आणि तिकडंही.

"वेळ तुम्ही टाकली?"

"न्हाय."

त्यानं पडद्यावरच्या आकड्यांवर बोट फिरवलं. म्हणाला, वीज नसली की चिपमध्ये कधीकधी कचरा आकडे उमटतात. म्हणाला, पण असे, घड्याळाला जुळणारे... बाहेर लांब रस्त्यावर जीपचा आवाज आला. अण्णा. बाराला खरी तारीख दाखवली न्हाय तर नोकरी जाईल, तिनं घाईनं सांगितलं. भीमाशंकरनं खुर्ची ओढली, म्हणाला, दोन मिनिटांचं काम आहे, सेल घालतो, बंद करून परत लावतो –

"थांबा." रुद्रम्मानं त्याच्या मनगटावर हात ठेवला. "बारा वाजू द्या."

"अण्णा येतायत."

"येऊ द्या. नऊ वर्षं झाली, मी बाराच्या अलीकडंच थांबलेय. रोज दहा मिनिटं आधी बंद करते." तिचा आवाज आता तिच्या गळ्यातूनच येत होता. "मला एकदा पलीकडं जायचंय. एकटीला न्हाय जमत."

भीमाशंकरनं मनगट सोडवलं नाही. दुसरी खुर्ची पायानं ओढली आणि शेजारी बसला. तिनं त्याला त्या सकाळचं सगळं सांगितलं, भाकरीचं, दोराचं, चहा ठेवा म्हणाले होते त्याचं. तो ऐकत होता. छप्पन्न झाले. जीप आवाराच्या फाटकात येऊन थांबली. अठ्ठावन्न. खिडकीतून येणारा वारा एकदम गार झाला, विहिरीच्या आतल्या पायऱ्यांवर असतो तसा गार, आणि विहिरीतून आवाज आला. ओल्या दोराचा, दगडावर घासल्यासारखा. विहिरीत पाणी नव्हतं. विहिरीवर दोर नव्हता. दोघांनीही ऐकला, कारण दोघांचीही बोटं एकाच वेळी आवळली.

बारा.

भिंतीवरच्या घड्याळानं टोले दिले नाहीत, ते टोल्याचं घड्याळच नव्हतं. कपारीतले सगळे पारवे एकदम उठले आणि विहिरीवर एक गोल घेऊन उन्हात निघून गेले. रुद्रम्मानं हाक मारली नाही. तिला वाटलं होतं पडदा काळा पडेल, काहीतरी फुटेल... पडद्यावर बारा एक झाले. मग बारा दोन. ते मशीन त्या दिवसाच्या दुपारीही शांतपणे पुढं चाललं होतं, बाकीच्या सगळ्या दिवसांच्या दुपारी चालतं तसंच.

"झालं?" भीमाशंकरनं अगदी हळू विचारलं.

ती रडत होती, पण मान हलवून हो म्हणाली.

त्यानं मशीन बंद केलं, पेटी उघडली, चौथा सेल बसवला. मग खुर्ची तिच्यापुढं सरकवली आणि स्वतः बाजूला झाला. डिलीट तिनंच दाबलं. निळा पडदा उघडला. बाणाच्या बटणांनी ती तारखेच्या ओळीवर गेली आणि एक एक आकडा टाकला. पंधरा, पाच, एकोणनव्वद. जतन करायचं का, असं मशीननं विचारलं. तिनं हो म्हटलं.

इतका वेळ जीपमध्येच बसून राहिलेले माणिकप्पाअण्णा दारात आले तेव्हा प्रिंटर खरखरत होता. त्यांनी चिठ्ठी घेतली, लांब धरून वाचली. रुद्रम्माचे डोळे बघितले, परक्या पोराचे धुळीचे कपडे बघितले, आणि काय समजायचं ते समजले असावेत. म्हणाले, याला पाणी तरी विचारलंस का, का नुसतंच राबवून घेतलंस?

चारच्या एसटीला दोघं थांब्यावर उभे होते. सावली एका माणसापुरतीच होती, म्हणून दोघंही उन्हात उभे राहिले.

"ती वेळ," भीमाशंकर म्हणाला, "सेलच नव्हता, तर कुणी धरून ठेवली असंल?"

"ठाऊक न्हाय." रुद्रम्मानं थोडा विचार केला. "अप्पा वेळेचे लई पक्के होते."

तो यावर हसला नाही, तिनं हसण्यासाठी म्हटलंही नव्हतं. वळणावर एसटीची धूळ उठली. तो पायातल्या चपलेनं खडा इकडून तिकडं करू लागला.

"आता मशीन बिघडायचं न्हाय," तो म्हणाला. "चांगले सेल हायत. दोन वर्षं तरी जातील."

"जातील."

"मग मला... म्हणजे... बिघाडच नसला, तर मी काय म्हणून यायचं?"

एसटी थांब्यावर आली, दार उघडलं. रुद्रम्माची मान ताठ होती, कुणी गळ्यात काठी घातल्यासारखी. गाल मात्र पेटले होते, आणि ते उन्हानं नव्हतं हे कंडक्टरलाही कळलं असतं.

"रविवारी या," ती म्हणाली. "तुमच्या आईला घेऊन. काय म्हणून ते मी माझ्या आईला आज रात्रीच सांगून ठेवते."